एक नंबर शेवटी

चैत्र लागला की दुपारी चारच्या सुमाराला आमच्या घरात कुणाचं कशात लक्ष लागत नाही. कोयनेपलीकडच्या कुठल्या तरी गावात यात्रा असते. आधी हलगी ऐकू येते, मग भोंगा खरखरतो, मग कुणीतरी माईकवर फुंकर मारतं. मी पेपर तपासत असले तर लाल पेन जागीच थांबतं. पलीकडच्या खोलीत आबांची खुर्ची करकरते. कुस्त्यांचं मैदान भरलेलं असतं आणि निवेदकाचा आवाज वाऱ्याबरोबर अर्धा येतो, अर्धा जातो. आम्ही सासरा-सून आपापल्या जागी बसून राहतो. तो आवाज आबांचा नाही, एवढंच आम्हाला त्यातून ऐकू येतं.

यंदाही ते सुरू झालंय. मलकापुरात पत्रे तापलेत, शेजारणीनं कुरडया वाळत घातल्यात, सातवीचे पेपर गठ्ठ्यानं पडलेत. मी शाळेत कॉम्प्युटर आणि गणित शिकवते. घरचा कॉम्प्युटर चालू करताना पडदा तीन-चार सेकंद काळा राहतो. तो कुणाचाही राहतो. माझा मात्र तेवढ्या वेळात हात आपोआप प्लगकडं जातो, आणि ही खोड गेल्या चैत्रातली आहे.

आबा तीस वर्षं कुस्तीच्या मैदानांचं निवेदन करत होते. शेती होती, पण ती थोरले दीर बघायचे. आबांचं खरं काम चैत्र-वैशाखात. डोक्याला फेटा, हातात माईक, समोर कागदाचा कपटा नाही. कुठल्या पैलवानाचा बाप कुणाच्या तालमीत होता, कुणाचा गुडघा कधी निखळला होता, कुणाची आई डोक्यावर दुधाची किटली घेऊन तालमीपर्यंत चालत यायची, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. बोलायच्या आधी ते माईकवर नखानं दोनदा मारायचे. टक, टक. सुरुवातीला माईक चालू आहे का बघायला मारत असतील, पुढं ती खूणच झाली. ती ऐकली की मागं रसवंतीच्या गाड्यावर उभी असलेली माणसं ग्लास तसाच ठेवून आखाड्याकडं पळायची.

मी सांगलीची. गावभागात, म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीत वाढलेली, कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेला आम्ही बायका शाळेच्या गच्चीवर बसलो होतो. घरात 'भाकरी झाली का' यापलीकडं न बोलणारा माझा सासरा माईकवर काय बोलत होता. "आवं उठला, उठला बघा! खालनं काढला पाय! अरं गड्या, घाई करू नगंस, माती कुठं पळून चालली न्हाई." हजार माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. मी तोंडात पदर धरून बसले होते. हाच का तो माणूस, असं सारखं वाटत होतं.

संध्याकाळी जेवताना मी धीर करून विचारलं, "आबा, एक नंबरची कुस्ती शेवटी का लावतात? एक नंबर तर पहिला पाहिजे."

बारक्या पोरांच्या कुस्त्या आधी, मग चढत चढत मोठ्या, आणि एक नंबरची जोड अगदी शेवटी, ऊन उतरल्यावर, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं होतं.

आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "आधी येतो त्यो एक नंबर नसतो, पोरी. ज्याच्यासाठी माणसं शेवटपतूर बसत्यात, त्यो एक नंबर."

हे वाक्य मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरले. एक दिवस ते माझ्याच अंगावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

गेल्या चैत्राआधीच्या फाल्गुनात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात. त्यावर पातळ सुती फडकं बांधलेलं असतं, दर श्वासाला हलतं. डॉक्टरांनी एकच गोष्ट चारदा सांगितली, धुळीपासून जपा. बोलण्यासाठी मी शाळेतून पाटी आणली. खडूची भुकटी नको म्हणून पेन्सिल, आणि पुसायला ओलं फडकं. हाक मारायची तर दाराच्या चौकटीवर नखानं दोनदा. टक, टक. पहिल्या दिवशी ती ऐकून मी स्वयंपाकघरातून कणीक तशीच टाकून पळत आले होते. हजार माणसांना बोलावणारी ती खूण आता चहासाठी येत होती.

त्यांचा आवाज उरला होता तो एका हार्ड डिस्कवर. पूर्वी भोंगेवाले कॅसेटी भरून द्यायचे. आबांच्या ट्रंकेत एकसष्ट कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. माझ्या भावाकडं सांगलीला चांगला टेपरेकॉर्डर होता, म्हणून मी त्या तिकडं नेल्या आणि तीन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. कॅसेटी भावाच्या तळमजल्यावरच राहिल्या. आणू आणू म्हणत राहिले आणि कृष्णेला पूर आला. पाणी ओसरल्यावर भावानं फोटो पाठवला. चिखलात फितीच फिती. आबा तेव्हा म्हणाले होते, "जाऊ दे, तुझ्या पेटीत हायेत न्हवं?" पेटी म्हणजे कॉम्प्युटर. मी हो म्हणाले. दुसरी प्रत करून ठेवू, असंही स्वतःला म्हणाले. इतकी साधी गोष्ट माणूस का करत नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या यात्रेला दहा दिवस राहिले तेव्हा यात्रा कमिटीचे तात्या घरी आले. आबांच्या बरोबरीचे, त्यांच्याच तालमीतले. चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, "नवा निवेदक ठरवलाय. पर मैदानाची सलामी आबाच्याच आवाजात झाली पायजे. तुमच्याकडं हाय म्हणं जुनं काय काय. तेवढं भोंग्यावर लावू, नावं जुन्या सालची असली तरी चालतील."

सलामी म्हणजे मैदानाची सुरुवात. आधी ग्रामदैवत, मग गावच्या जुन्या पैलवानांची नावं, गेलेल्यांची आधी, मग आलेल्या पाहुण्या मल्लांची, आणि सगळ्यात शेवटी एक नंबरच्या जोडीची. आबांनी पाटी घेतली. लिहिलं, "मागं ऐकू जाईल का?"

"जाईल की. न जायला काय झालं?" तात्या म्हणाले.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. मी म्हणाले, "माझ्यावर सोडा."

मला हे वाक्य फार लवकर येतं. माझ्या हाताला दम नाही, असं आई लहानपणापासून म्हणायची. दूध उतू जाण्याआधीच मी पातेलं उतरवते, आणि मग ते कच्चंच राहतं.

सलामीच्या रेकॉर्डिंगमध्ये भोंग्याची घरघर होती. ती काढायची तर शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीवर चालतो तसा एक प्रोग्राम हवा होता. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, आणि तेही चालताना धापा टाकत होतं. म्हणून ठरवलं, जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. दुसरी डिस्क जोडायची आणि लिनक्स तिच्यावर घालायचं. सांगलीच्या अण्णांकडून वापरलेली पण धडधाकट डिस्क आणली. अण्णा कॉम्प्युटर दुरुस्त करतात, कर्नाटकाच्या हद्दीवरचे, बोलताना शेवटचा शब्द लांबवतात. योगायोग असा की ती डिस्क जुनीच्याच कंपनीची आणि तेवढ्याच मापाची निघाली. "जुळी आहेत बघाऽ" म्हणाले. मी घरी येऊन जुनीवर मार्करनं १ लिहिलं, नवीवर २. मुख्य बोर्डावर डिस्कच्या वायरी लावायला खाचा असतात, त्यांनाही ओळीनं आकडे असतात. एक नंबर पहिल्या खाचेत, दोन नंबर दुसऱ्या. रविवारी दुपारी लिनक्स बसलं. चालू केल्यावर पडद्यावर यादी आली, विंडोज हवं की लिनक्स. मी एकटीच टाळी वाजवली.

सोमवारी शाळेत परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. मंगळवारी दुपारी घरी येऊन बटण दाबलं, तर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात एक ओळ. सुरू होण्यासारखी डिस्क सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाहेर ऊन मी म्हणत होतं. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता, तरी काजळी खिडकीतून येऊन टेबलावर बसत होती. खोलीत सायकलचा पंप मध्येच पडला होता, तो मी पायानं बाजूला सारला. इथं हा कशाला, असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

नवऱ्याला फोन लावला. प्रताप फौजेत आहे, तेव्हा लांब उत्तरेला होता.

"अगं, दोन दिस दम धर की. मी सुट्टीवर येतो तवा बघू," तो म्हणाला.

"तुम्ही येणार जूनमध्ये. मैदान पुढच्या मंगळवारी आहे."

"मग अण्णांना इचार. लगेच काय उघडझाप करत बसू नगंस."

"विचारते," मी म्हणाले, आणि विचारलं नाही. लिनक्स नीट बसलं नसणार, पुन्हा घालू, अर्ध्या तासाचं तर काम आहे. पेनड्राइव्ह लावला. त्यावरून सगळं सुरू झालं, दोन डिस्क दिसल्या, एकीखाली एक, सारखंच नाव, सारखंच माप. यंत्र त्यांना क्रमानं ए आणि बी म्हणतं. पहिली जुनी, दुसरी नवी, हे माझ्या डोक्यात पक्कं. दुसरी निवडली. 'पूर्ण पुसून टाका' निवडलं. खाली बारीक अक्षरात त्या डिस्कवर आधीपासून काय आहे ते लिहिलेलं होतं. पंचवीस-तीस मुलांना रोज 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणाऱ्या मी ते वाचलं नाही. खात्री आहे का, विचारलं. आहे म्हणून सांगितलं.

टक्के सरकायला लागले. मी पंख्याखाली उभी राहून पदरानं वारा घेत होते. आणि ऐकू आलं. कुर्र, कुर्र, मग थोडं थांबून पुन्हा कुर्र. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. तीन दिवाळ्या कॅसेटी उतरवताना मी तो ऐकला होता. नवी डिस्क अगदी मुकी होती, रविवारी ते मला आवडलंसुद्धा होतं. कुरकुरायची ती जुनी. आणि पुसणं चाललं होतं कुणाचं, ते मला त्या आवाजानं सांगितलं.

मी भिंतीतला प्लग उपटला.

सगळं शांत झालं. मग पलीकडून कुठलातरी भोंगा ऐकू आला, कुणाची तरी चितपट झाली होती, टाळ्या पडत होत्या. दारावर टक, टक. आबा चहाचा कप घेऊन उभे. ऑपरेशनपासून दुपारचा चहा तेच करायचे.

"काही नाही आबा, लाइट गेली," मी म्हणाले.

आबांनी वर पाहिलं. पंखा गरागरा फिरत होता. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळच्या एसटीनं सांगलीला निघाले. डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी पेठ नाक्यापर्यंत धीर धरला, मग विचारलं, "माह्यारला काय नेताय, करंज्या व्हय?" मी हो म्हणाले. म्हटलं, जपून न्याव्या लागतात, मोडतात. ऊस तोडलेल्या रानांतून पाचट जळत होतं, धूर बसमध्ये येत होता. त्या दोन तासांत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

अण्णांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग डिस्क हातात धरून १ आकडा पाहिला. "पुसलेली हीच? मग ही दुसरी कशी दिसली? तुम्ही लावली होती पहिल्या खाचेतऽ."

"पहिल्याच."

"काढताना कुठून काढली?"

मला आठवेना. मी ती नुसती उपटली होती.

"घरी कोण आहे? फोन करून विचारा, कुणी उघडलं होतं का."

घरी आबा होते, आणि आबांना फोनवर बोलता येत नव्हतं. तरी लावला. उचलल्याचा आवाज आला, मग श्वासाची ती फसफस. म्हटलं, "आबा, होय असेल तर एकदा वाजवा. पेटी उघडली होती का तुम्ही?"

टक.

"वायरी काढल्या होत्या?"

टक.

"होत्या तशाच परत लावल्या ना?"

फसफस, फसफस. मग अगदी सावकाश, टक.

फोन ठेवला तेव्हा अण्णा टेबलाकडं बघत होते. मला राग आला. खरं सांगायचं तर आबांचाच आला, असा की कानशिलं तापली. कशाला हात लावायचा? ज्यातलं कळत नाही त्यात? आणि लगेच दुसरा विचार आला, मला तर कळत होतं. लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, दारावरचा पहारेकरीच म्हणा, जुन्या डिस्कवर बसलेला होता. वायरींची अदलाबदल झाली, म्हणून यंत्र चुकीच्या दारात त्याला शोधत होतं. वायरी पुन्हा बदलल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं असतं. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा वाटलं, हे त्यांनी सांगायला नको होतं.

डिस्क त्यांनी त्यांच्या मशिनला लावली. गंमत म्हणजे त्यांचं मशिनही लिनक्सवरच. "हजेरीपट गेलाऽ," म्हणाले, "पण पोरं वर्गात बसलेली असतील. जिथं नवं लिहिलं गेलं तिथली गेली. बाकीची मिळतील, फक्त नावं सांगता येणार नाहीत." मला शिक्षिकेला समजेल असंच त्यांनी सांगितलं. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून पडद्यावरचा आकडा वाढताना बघत होते. कधी दहा मिनिटं वाढायचाच नाही. उठायचे, बाहेर जाऊन रस्ता बघायचे, परत यायचे. अण्णांनी दोनदा भडंग दिला, दोन्हीदा पुडी तशीच राहिली. शेवटी हाती आल्या दोनशेच्या वर लहान-मोठ्या फाइली. कुठं चाळीस मिनिटं, कुठं चार सेकंद. एकीलाही नाव नाही, नुसते लांबलचक आकडे.

घरी पोचले तर आबा पायरीवर बसले होते. पाटी मांडीवर, आधीच लिहून ठेवलेली. "कुस्त्या गेल्या?"

"थोड्या गेल्या, आबा. माझ्या हातनं झालं. मी न बघता पुसलं."

त्यांनी पुसून लिहिलं, "वायरी मी लावल्या." मग मला हाताला धरून आत नेलं, उघड्या कॅबिनेटपाशी. रंगाचा ब्रश, सायकलचा पंप दाखवला. जाळीवर बोट फिरवून बोट पुढं केलं, स्वच्छ होतं. मग ते बोट त्यांनी स्वतःच्या गळ्यावरच्या फडक्याकडं नेलं. धूळ. पेटीलाही श्वास घ्यायला त्रास होत असणार, म्हणून त्यांनी सोमवारी मी शाळेत असताना ती साफ केली होती. आणि लावताना दोन डिस्कवरचे माझ्या हातचे आकडे नीट वाचून लावल्या होत्या. पाटीवर लिहिलं, "एक नंबर शेवटी."

मी ते दोन-तीनदा वाचलं. दोन नंबर आधी लावला, एक नंबर शेवटी. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. जिच्यासाठी माणसं शेवटपर्यंत बसतात ती शेवटी. त्यांच्या हिशेबानं त्यांनी त्या डिस्कला मान दिला होता.

मला रडू आलं, आणि मी त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते. आबांनी पाटी पुसून बाजूला ठेवली. ओलं फडकं तेवढं माझ्यापुढं केलं, तोंड पुसायला. त्याला पेन्सिलीचा वास होता.

मग ते पाच दिवस. सकाळी मी शाळेत, दुपारी पेपरांचा गठ्ठा घेऊन टेबलाच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आबा कानावर हेडफोन लावून. एकेक फाइल ऐकायची आणि ती कुठली ते वहीत लिहायचं. मी आधी घाबरले होते. ऑपरेशननंतर स्वतःचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. पहिली फाइल लावली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गळ्यावरचं फडकं जोरात हलत होतं. मग वही ओढली आणि लिहिलं, "आटपाडी. वारं सुटलं होतं. मांडव उडाला."

त्यांना गाव ओळखायला स्वतःचा आवाज लागायचाच नाही. हलगीवरून कळायचं, भोंग्याच्या घुमण्यावरून कळायचं, मागं डोंगर आहे की उघडा माळ आहे. "माणातलं. पोरं मुंबईहून आलेली, शिट्ट्या लय." "हे मी न्हवं, दुसरं कोणतरी. पर झकास बोलतंय." एक सहा सेकंदांचा तुकडा होता. त्यात आबा एवढंच म्हणतात, "अरं, त्या पोराला पाणी द्या." तो त्यांनी चारदा ऐकला. वहीत लिहिलं, "हे आठवत न्हाई." ऐकताना त्यांचे ओठ हलायचे आणि उजवी मूठ आपोआप माईक धरल्यासारखी वळायची. मी पेपर तपासण्याचं नाटक करायचे. त्या पाच दिवसांत मी किती पोरांना चुकीचे मार्क दिले असतील देव जाणे, नंतर पुन्हा सगळा गठ्ठा तपासावा लागला.

आणि सलामी काही सापडेना. रोज संध्याकाळी तात्यांचा फोन. "गावलं का?" "शोधतोय." रविवारीही नाही. मला एका जागी बसवेना. भांडी घासलेली पुन्हा घासली, कपाट आवरलं, आवरलेलं पसरलं. सोमवारी दुपारी टेबलावर टक, टक झालं. आबांनी हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवला. घरघर, हलगी, टक टक, आणि मग तो आवाज. ग्रामदैवत, गेलेले पैलवान एकेक करून, आलेले पाहुणे. "आणि मंडळी, आजच्या मैदानाची एक नंबरची कुस्ती," असं म्हणून आवाज थांबला. पुढं काही नाही. तिथून पुढं मी पुसलेलं होतं.

मी ते मागं-पुढं करून दहादा ऐकलं, जसं काही ऐकून पुढचं उगवणार होतं. "तात्यांना नाही म्हणून सांगते," मी म्हणाले. आबांनी नको अशी मान हलवली आणि लिहिलं, "लाव हाय तेवढं."

मंगळवारी ऊन कलल्यावर मैदान भरलं. मी त्या वर्षी गच्चीवर गेले नाही. पेनड्राइव्ह घेऊन भोंगेवाल्याच्या टेबलाशी उभी राहिले, एवढ्या बाप्यांत एकटी बाई. तात्या म्हणाले, "असू द्या, कोण काय म्हणत न्हाई." आबा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते, गळ्यावर धुतलेलं फडकं. लाल मातीवर पाणी शिंपडलं होतं, वास येत होता. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून मी तो टेबलावर ठेवला. प्रतापला पाठवायचं म्हणून, आणि आता कुठलीच गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं म्हणूनही.

फाइल सुरू केली. टक, टक, आणि मैदान एकदम गप्प झालं. मागून कुणीतरी "आबा" म्हणालं, हळूच. गेलेल्यांची नावं आली तेव्हा म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. माझं लक्ष फक्त पुढं सरकणाऱ्या रेघेवर होतं. वीस सेकंद राहिले, दहा राहिले. "आणि मंडळी, आजच्या मैदानाची एक नंबरची कुस्ती," आणि भोंगा मुका झाला.

ती शांतता किती वेळ होती ते मोबाइलमध्ये आहे, अकरा सेकंद. मला ती अख्खी दुपार वाटली. लोक भोंग्याकडं बघायला लागले, तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. नव्या निवेदकानं माईककडं हात नेला तेवढ्यात आबा उठले. त्यांनी माईक हातात घेतला, ओठांपाशी न नेता छातीपाशी धरला, आणि नखानं दोनदा मारलं.

टक. टक.

मग डावा हात लांब करून त्यांनी आखाड्याच्या एका कडेला बसलेल्या पैलवानाकडं बोट केलं, आणि दुसऱ्या कडेच्या. दोघं उठून उभे राहिले. नावं कुणीही घेतली नाहीत. हलगी सुरू झाली, आणि टाळ्या अशा पडल्या की भोंगेवाल्यानं कानावर हात ठेवले. आबांनी माईक नव्या निवेदकाच्या हातात दिला, त्याची मूठ थोडी खाली सरकवली, नीट धरायला लावला, आणि खुर्चीवर येऊन बसले. माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. मागं ऐकू गेलं का, असं विचारत होते. मी होय अशी मान हलवली.

आता त्या फाइलींच्या चार प्रती आहेत. एक शाळेच्या लॅबमध्ये, एक प्रतापकडं, एक अण्णांकडं, एक घरी. घरच्या कॅबिनेटच्या आत मी कागद चिकटवलाय, वायरी काढू नयेत. त्याखाली आबांनी पेन्सिलीनं 'धूळ पुसावी' असं लिहिलंय, आणि दर महिन्याला ते पुसतात. ते पुसत असताना मी दाराशी उभी राहते. त्यांना ते कळतं आणि ते मुद्दाम सावकाश पुसतात.

आज चार वाजता पलीकडून हलगी आली तेव्हा मी त्यांची वही काढली. फाइलींना नावं द्यायचं काम माझ्याकडून वर्षभर रेंगाळलं होतं. वहीत त्यांनी आकडे उलटे टाकलेत, हे मी आजच नीट पाहिलं. पहिल्या पानावर सगळ्यात मोठा आकडा, तिथून उतरत उतरत. आटपाडी, माण, 'त्या पोराला पाणी द्या', सगळे ओळीत. गावची सलामी मला पाच नंबरला सापडली. तिच्यापुढं कंसात 'अर्धी' लिहिलंय. मला वाटलं होतं, हीच त्यांची एक नंबर असेल.

शेवटचं पान उलटलं. त्यावर एकच ओळ होती, माझ्या मोबाइलमधल्या त्या दुपारच्या रेकॉर्डिंगची. "१. आपलं गाव. बोललो न्हाई."

पलीकडच्या खोलीत खुर्ची करकरली. मी कॉम्प्युटर चालू केला, पडदा काळा झाला, आणि मी वही हातात धरून उजेड यायची वाट बघत बसले.